पहिल्या दिवशी सगळेच येतात: धर्मग्रामातली घरभेट वर्षानुवर्षं कशी चालू ठेवायची

आमच्या वसईत कुणाच्या घरी मयत झालं की पहिले आठ दिवस त्या घराच्या ओट्यावर हात टेकवायला जागा नसते. पाव, केळी, चहापावडर, बिस्किटांचे पुडे, शेजारणींनी झाकून आणलेली वरणभाताची पातेली. एका मावशींच्या ओट्यावर मी केळ्यांच्या पाच फण्या मोजल्या होत्या. सगळी एकदम पिकलेली, वर चिलटं घोंघावत होती. महिन्याची मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली, पाहुणे आपापल्या घरी गेले. त्यानंतर दहाव्या दिवशी मी पुन्हा गेले, तर मावशी सकाळपासून कोऱ्या चहावर होत्या. नवरा गेल्यावर दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवणार, म्हणून त्यांनी दूधच बंद करून टाकलं होतं. वाडीतलं कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कुणीतरी जात असेल.

१६१७ साली फ्रान्समधल्या शातियों गावात हेच घडलं होतं. व्हिन्सेंट डी पॉल तिथे नुकतेच धर्मगुरू म्हणून आले होते. रविवारी मिस्साची वस्त्रं चढवत असताना त्यांना कळलं, की गावाबाहेरच्या एका घरातली सगळी माणसं आजारी आहेत आणि पाणी द्यायलाही कुणी उभं नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा रस्ता खाणं घेऊन जाणाऱ्या बायकांनी भरला होता. त्यांना आनंद झाला आणि चिंताही वाटली. आज एवढं आलं, यातलं बरंच नासेल, आणि उद्या ते घर पुन्हा उपाशी. थोड्याच दिवसांत त्यांनी गावातल्या बायकांना एकत्र बसवून पाळ्या लावून दिल्या. कुणी कोणत्या दिवशी जायचं, काय शिजवायचं, आजाऱ्याला कसं भरवायचं, पैशाची पेटी कुणाकडे राहणार, सगळं लिहून काढलं.

पुढे १८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची साथ येऊन गेली होती. त्यांना बोट धरून वस्तीत नेलं ते सिस्टर रोझाली रांदू यांनी. या पोरांच्या संस्थेला व्हिन्सेंट डी पॉल यांचंच नाव मिळालं, आणि तिच्या शाखेला आजही ‘कॉन्फरन्स’च म्हणतात. अशाच एका धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक लोकांच्या, कॉन्फरन्समध्ये मी चौदा वर्षं आहे. खाली लिहिलंय ते तिथे चुकत-माकत शिकलेलं. तुमचं महिला मंडळ असो, युवकांचा गट असो किंवा वाडीतला लहान ख्रिस्ती समूह, पद्धत तीच चालते. आणि ही सगळी पद्धत एकाच गोष्टीसाठी आहे: पन्नासाव्या आठवड्यातही कुणीतरी त्या दाराशी उभं असावं.

पैसा गोळा करण्याआधी वार ठरवा

सुरुवातीला सहा माणसं पुरेत. आधी प्रमुख धर्मगुरूंना भेटा, त्यांचा होकार घ्या आणि त्यांच्याकडून एखादी खोली आठवड्यातून एक तास मागून घ्या. मग माणसं शोधा. “मला कधीही बोलवा, मी आहेच” म्हणणाऱ्याचं मन मोठं असतं, पण पाळी लावताना त्याचा उपयोग होत नाही. “मला गुरुवारी चार ते सहा जमेल, बाकी नाही” म्हणणारी बाई हातची सोडू नका. प्रत्येकाकडून एवढंच मागा: आठवड्याचे दोन तास, एक वर्षभर. वर्ष संपलं की मोकळं होण्याची मुभा आहे हे आधीच सांगून ठेवा. शेवट दिसत असला की माणूस टिकतो.

जोड्या लावा. एकट्याने कुणाच्या घरी जायचं नाही, हा नियम पॅरिसच्या त्या विद्यार्थ्यांपासून चालत आला आहे. एक बोलतो, दुसरा बघतो: पाण्याचा माठ रिकामा आहे का, गॅसची नळी चिरलीय का, चादर कधी बदललीय. शक्यतो एक जुना, एक नवा. एका जोडीला दोन घरं, फार तर तीन. चौथं घर घेतलं की तिन्ही घरांच्या भेटी अर्ध्या होतात, हे आम्ही दोनदा अनुभवलंय.

यादी: कोण सुटतंय ते शोधा

पहिली यादी फादरांकडेच असते. आजाऱ्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद दिला जातो, त्यांची नावं. ती घ्या, पण तिथे थांबू नका. त्या यादीत ज्यांची मुलं-सुना चर्चच्या कामात पुढे असतात, अशी माणसं आधी येतात. दूधवाला, मेडिकलवाला, रेशन दुकानदार, रिक्षावाले आणि आशाताई यांच्याशी बोला. रेशन न उचलणारं घर कोणतं, गोळ्या अर्ध्याच घेऊन जाणारं कोण, हे त्यांना माहीत असतं. रविवारी नेहमी एकाच बाकावर बसणारी व्यक्ती तीन रविवार दिसली नाही, तर तिचं नाव लिहा.

बायबल सांगतं, यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत भांडण झालं ते याच कारणावरून. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. सात माणसं निवडून काम त्यांच्या हाती दिलं, आणि त्या सातांची नावं बघितली तर सगळी ग्रीक आहेत. आम्ही हे वाचून आमची यादी समोर ठेवली. वाडीतली, आमची कादोडी (सामवेदी) बोली बोलणारी नावं भरपूर होती. स्टेशनकडच्या चाळींत भाड्याने राहणारी, हिंदी, कोकणी, तमिळ बोलणारी घरं दोनच. आदिवासी पाड्यावरचं एकही नाही. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी आम्ही यादी काढतो आणि एकच प्रश्न विचारतो: भाषेमुळे, अंतरामुळे, जुन्या भांडणामुळे कोण सुटलं?

मदत ख्रिस्ती माणसापुरती ठेवू नका. गरज हाच निकष ठेवा. ज्यांच्या घरी वेगळा देव आहे तिथे आम्ही पत्रकं, क्रूस, जपमाळा घेऊन जात नाही. त्यांनी स्वतः म्हटलं, “आमच्यासाठी प्रार्थना करा,” तर करतो. मदतीला कोणतीही अट चिकटली की ती भेट राहत नाही, व्यवहार होतो, आणि ती गोष्ट समोरच्याला आपल्याआधी कळते.

पहिली भेट

रिकाम्या हातानेही जायला हरकत नाही. न्यायचंच असेल तर चार केळी, वाडीतली भाजी, मोगऱ्याची ओंजळभर फुलं. धान्याची पिशवी पहिल्या दिवशी नको. ती दिसली की समोरचा माणूस लगेच घेणारा होतो आणि तुम्ही देणारे.

चपला बाहेर, मोबाईल पिशवीत. बसायला सांगेपर्यंत उभे राहा, सांगितलं की बसा. खाटेवरच्या माणसाशी बोलताना त्याच्या नजरेच्या उंचीवर या. चहा विचारला तर घ्या. साखर नसेल तर बिनसाखरेचा घ्या. ज्याच्याकडे देण्यासारखं एवढंच उरलंय, त्याला ते देऊ द्या. अर्ध्या तासाने उठा, आणि उठताना पुढचा वार आणि वेळ सांगा: “पुढच्या गुरुवारी साडेचारला येतो.” मग त्या गुरुवारी साडेचारला जाच. यायला जमणार नसेल तर फोन करून कळवा. एकदा मी कळवलं नाही. त्या अंकलनी साडेतीनपासून शर्ट घालून, केस विंचरून दाराशी खुर्ची टाकली होती आणि अंधार पडेपर्यंत ते आत गेले नव्हते, असं शेजारीण म्हणाली. तेव्हापासून माझ्या पिशवीत सगळ्या घरांचे नंबर कागदावर लिहिलेले असतात.

पहिल्या तीन भेटींत काही सोडवायला जाऊ नका. “तुमचा मुलगा बघत नाही का?” हा प्रश्न तर कधीच विचारू नका. कळायचं ते आपोआप कळतं, बहुधा चौथ्या-पाचव्या भेटीत, तुम्ही उठायला लागल्यावर.

फोटोबद्दल मला मनापासून सांगायचंय. पहिल्या वर्षी नाताळला आम्ही धान्य वाटलं आणि फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकले. पुढे तो फोटो फिरत फिरत एका आजींच्या नातीच्या वर्गापर्यंत पोचला. पोर रडत घरी आली. आजींनी आमची पिशवी न उघडता दाराबाहेर ठेवली. मी चार वेळा माफी मागायला गेले, पाचव्या वेळी त्यांनी आत घेतलं. आज आमचा नियम लेखी आहे: घराचा, माणसाचा, पिशवीचा, कशाचाही फोटो नाही. देणगीदाराने पुरावा मागितला तर हिशेब दाखवतो.

वही आणि आठवड्याची बैठक

प्रत्येक घराला एक पान. तारीख, कोण गेलं, काय दिसलं, काय कबूल केलं, ते कधीपर्यंत करायचं. पाच ओळींपेक्षा जास्त नको. कुणाच्या घरातलं भांडण, कुणाचं दारूचं व्यसन, कुणाचा आजार यांची वर्णनं वहीत लिहू नयेत. “घरी ताण आहे, एकटीने जाऊ नये” एवढं पुरतं. वही कुलपात राहते, आणि बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहतं. यात एकदा फट पडली की वाडीत तुमच्यासाठी कुणी दार उघडणार नाही.

बैठक एक तासाची. सुरुवातीला प्रार्थना, मग एकेक घर, घरामागे पाच मिनिटं. “काय कबूल केलं होतं आणि झालं का?” हा प्रश्न प्रत्येक पानावर विचारायचा. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. जुनी प्रथा आहे: प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा आणि उघडून बाहेर काढायचा. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी काहीच नाही, हे कुणालाच कळत नाही. आमच्यातल्या दोघी स्वतः भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या. त्या पिशवीमुळे त्याही पूर्ण मानाने सभासद राहिल्या.

औषधांचा डबा

वृद्धांच्या घरी सगळ्यात जास्त उपयोग होतो तो या एका कामाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डबा मागून घ्या. परवानगी घेऊन सगळं एका वर्तमानपत्रावर ओता. आधी मुदत संपलेलं बाजूला काढा. मग डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी शोधा आणि त्यावरचं प्रत्येक औषध पट्टीवरच्या बारीक अक्षरातल्या मूळ नावाशी ताडून बघा. मोठ्या अक्षरातल्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. एका आजींकडे रक्तदाबाच्या दोन वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या होत्या. एक जुन्या डॉक्टरांनी दिलेली, एक इस्पितळातून आणलेली. आजी दोन्ही घेत होत्या आणि उठताना चक्कर येते म्हणून खाट सोडत नव्हत्या. आत औषध एकच होतं. त्या दिवशी आम्ही स्वतः कोणतीही गोळी बंद केली नाही. दोन्ही पट्ट्या आणि चिठ्ठी घेऊन लगेच त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे लक्षात ठेवा, गोळी थांबवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आपला नाही.

वाचता येत नसेल त्यांच्यासाठी पट्टीवर खुणा करा: सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, जेवणानंतरच्या गोळीला ताटाचं चित्र. कात्रीने पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेला भाग शेवटपर्यंत राहू द्या. महिन्याचा खर्च झेपत नसेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्तात मिळतं, फक्त चिठ्ठी न्यावी लागते. आणि मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक घरी पंधरा दिवसांचा जादा साठा आहे का, ते बघा. आमच्याकडे पाणी तुंबलं की दोन-दोन दिवस रस्ता बंद असतो. त्याच भेटीत छपरावरची ताडपत्री, टॉर्चचे सेल आणि शेजाऱ्याचा नंबर तपासून घ्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आणखी एक गोष्ट शिकून जा. माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपर रोज बघायला घरच्यांना सांगा. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडलं आणि लाली क्षणभरही फिकी झाली नाही, तर जखम सुरू होतेय असं समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघा. जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते. अशा जागी चोळू नका, त्याने आतलं मांस आणखी दुखावतं. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती राहू देऊ नका, ओलं झालेलं लगेच बदला आणि नर्सला दाखवा. भरवताना उशा लावून बसतं करा. पेज असली तरी आडवं ठेवून भरवू नका, ठसका लागून अन्न छातीत जातं. भरवल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा.

सांभाळणारीला सुट्टी द्या

आजाऱ्याकडे सगळे बघतात, त्याला सांभाळणाऱ्या सुनेकडे कुणी बघत नाही. सात वर्षं सासूचं सगळं अंथरुणात करणाऱ्या एका बाईला मी विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” ती म्हणाली, “मला एकदा रविवारची मिस्सा पूर्ण ऐकायचीय.” आम्ही दर रविवारी तिच्या घरी एक जोडी बसवली. ती चर्चला जाते, येताना मासळीबाजारातून फिरून येते. तीन तास. यासाठी एक रुपया लागत नाही, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या कामांत हेच सर्वांत मोलाचं आहे. नवीन गटाने पैशाअभावी थांबू नये, इथूनच सुरू करावं.

कागदपत्रं: इथे चिकाटी लागते

येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते, शेवटी तो तिच्या तगाद्याला कंटाळून न्याय देतो. सरकारी कामासाठी घराबाहेर पडताना ती बाई मला आठवते.

६५ वर्षांवरच्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. त्याखालच्या वयाच्या विधवा, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. २०२३ साली या अनुदानाची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. उत्पन्नाची मर्यादा फार खाली आहे, कुटुंबाचं वर्षाला २१,००० रुपये. अपंगांसाठी ही मर्यादा आणि रक्कम वेगळी आहे. शासन निर्णयाने हे आकडे बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी तहसील कार्यालयात चालू नियम विचारा. आधार, वयाचा दाखला, राज्यातल्या १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा. अर्ज दिला की पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एका कार्यालयात आमच्या एका मावशींचा अर्ज तीनदा परत आला. आधारवर आडनाव एक, रेशन कार्डावर दुसरं. आमच्याकडे हे सारखं होतं. ‘डिसोजा’ चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत पाचवी तऱ्हा. म्हणून पहिलं काम हेच करा: सगळ्या कागदांवरची नावं एका ओळीखाली एक लिहून काढा आणि कुठे चुकतंय ते बघा. आधी दुरुस्ती, मग अर्ज. मावशींना पहिला हप्ता मिळायला अकरा महिने लागले. या काळात त्यांच्यासोबत दर वेळी एकच बाई जात होती, त्यामुळे प्रत्येक खिडकीवर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं नाही.

अनुदान सुरू झाल्यावर काम संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे बंद. वहीच्या पहिल्या पानावर या तारखा लिहून ठेवा. शेतात राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. हात साबणाने धुवून, कोरडे पुसून, दहाही बोटं एकेक करून बघा. बँकेपर्यंत जाता येत नसेल तर पोस्टमन घरी येऊन आधार आणि ठशावर पैसे देऊ शकतो, हे अनेकांना माहीतच नसतं.

इस्पितळाचं बिल समोर आलं तर दोन दरवाजे आधी ठोठावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या इस्पितळात आणि ठरलेल्या उपचारांनाच. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, भरती होतानाच त्याला गाठा. दुसरा दरवाजा धर्मादाय इस्पितळांचा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मोफतसाठी वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, सवलतीसाठी ३,६०,००० रुपयांपर्यंत. वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलावर जाऊन लेखी अर्ज द्या.

आणि जमीन. वसईत जागेला भाव आल्यापासून ‘अंगठा द्या’ म्हणणारे घरातलेच निघतात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईवडिलांना मुलांकडून चरितार्थ मागता येतो, त्याचा अर्ज प्रांत अधिकाऱ्यांकडे चालतो. बक्षीसपत्र करून देताना ‘सांभाळ करीन’ ही अट त्यातच लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही तर ते पत्र रद्द करून घेण्याचा रस्ता उरतो. पण या वादात आपण बाजू घ्यायची नाही, साक्षीला सही करायची नाही. चांगल्या वकिलापर्यंत पोचवायचं.

पैशाचे चार नियम

रोख रक्कम हातात देऊ नका. मेडिकलचं, किराण्याचं, विजेचं बिल थेट भरा. सिस्टर रोझालीही पाव आणि कोळशाच्या चिठ्ठ्या देत असत. खातं संस्थेच्या नावावर, सही दोघांची. प्रत्येक देणगीला पावती, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर दात्याला कर सवलत मिळत नाही, हे त्याला आधी सांगा. परदेशातला मामा, इस्रायलमधली मैत्रीण, कॅनडातली मुलं पैसे पाठवायला उत्सुक असतात. पण परकीय देणगीच्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर परदेशी निधी घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी तो दिल्लीच्या ठरलेल्या बँक खात्यातच यावा लागतो. धर्मग्रामाच्या किंवा धर्मप्रांताच्या हिशेबनिसाला विचारल्याशिवाय असा रुपयाही स्वीकारू नका.

दार बंद असतं तेव्हा

काही घरं पहिल्या दिवशी नको म्हणतात. तीन वेळा जा, तिन्ही वेळा थोडकं बोलून परत या. मग महिन्यातून एकदा दारावरून जाताना नुसती हाक मारा. एका अंकलनी दीड वर्ष आम्हाला आत घेतलं नाही. शेवटी पावसात त्यांचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा त्यांनी आमच्यातल्या ज्याला हाक मारली, तो दर महिन्याला कुंपणाबाहेरून “कसे आहात?” विचारणारा पोरगा होता.

दारू पिणाऱ्याच्या घरी भेट बंद करू नका, वेळ बदला. सकाळी जा. जेवण द्या, पैसे नकोत. शिव्या मिळाल्या तर शांतपणे “उद्या येतो” म्हणून निघा, आणि उद्या नक्की जा. मारहाणीचा धोका असेल तर मात्र पोलिसांच्या ११२ वर फोन करा.

आपली माणसं थकतात तेही बघा. भेटीचा वार सारखा पुढे ढकलला जातोय, वहीत दोनच शब्द लिहिले जातायत, बैठकीत कुणी चिडतंय, या खुणा आहेत. अशा जोडीला एक महिना मोकळं करा, त्यांच्या घरांना दुसरी जोडी आधी ओळख करून देऊन लावा. मी स्वतः एकदा उपवासकाळात असा महिना घेतला. दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला बसले आणि कुणाचंच घर डोक्यात आणलं नाही. परत आले तेव्हा मी ज्यांच्या घरी जाते त्या आजींनी विचारलं, “बरी हायस ना गो?” त्या दिवशी भेट त्यांनी मला दिली.

काही बाबतीत आपण थांबून दुसऱ्याला बोलवायचं असतं. लहान मुलावर अत्याचाराची शंका आली तर ती बैठकीत चर्चेला ठेवू नका. पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ वर फोन करा. ज्येष्ठांच्या छळाबद्दल १४५६७. कुणी जगण्याला कंटाळल्याची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, टेलि-मानसच्या १४४१६ वर त्याच्यासमोरच फोन लावा. मुलांच्या किंवा एकट्या बाईच्या खोलीत दार लावून कुणी बसायचं नाही, मग तो कितीही जुना सभासद असो.

शेवटच्या दिवसांत आणि नंतर

डॉक्टरांनी हात टेकले की भेटी वाढवा. ओठ कोरडे पडतात, ओल्या कापसाने पुसत राहा. ख्रिस्ती घर असेल तर रुग्णाभ्यंगासाठी (आजाऱ्याला तेल लावून करायचा संस्कार) फादरांना वेळेत बोलवा, शुद्ध हरपायची वाट बघू नका. माणूस बोलत नसला तरी त्याच्यासमोर त्याच्याविषयी कुजबुजू नका, कानाला बहुधा कळत असतं.

अंत्यविधीच्या दिवशी आपली गरज फारशी नसते, तिथे गाव असतं. मागे बसा. आपली पाळी महिन्याच्या मिस्सेनंतर सुरू होते. वहीतल्या त्या पानावर आम्ही तीन तारखा आधीच लिहितो: चाळिसावा दिवस, पहिला नाताळ, पहिलं वर्ष. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी फेरी. दूध चालू आहे का, विजेचं बिल कुणाच्या नावावर, बँकेत वारसाचं नाव लागलं का, एवढंच बघायचं आणि बसायचं.

आमच्याकडे वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी, चाकाची खुर्ची असं सामान आहे, प्रत्येकावर रंगाने नंबर टाकलेला. कुणी गेल्यावर ते मागायला जाऊ नका. घरचे आपणहून देतील तेव्हा आणा. गेल्या महिन्यात सात नंबरचा वॉकर एका सुनेने स्वतः आणून दिला, पुसून, मुठीला बांधलेला सासूचा रुमाल सोडून घेऊन. आम्ही तो डेटॉलच्या पाण्याने धुतला आणि उन्हात वाळवला. खालचे दोन रबरी बूट झिजले होते, ते बदलले. वहीत सात नंबरसमोर आता स्टेशनकडच्या चाळीतल्या एका तमिळ आजोबांचं नाव आहे. त्यांच्याकडे जाण्याचा वार बुधवार, वेळ पाच.